गवताच्या बाजूने

सोलापुरात एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या माणसाला ‘इथं झाडं लावू नका’ असं सांगून बघा. तो ज्या नजरेनं तुमच्याकडं बघेल, ती नजर मला आता चांगली ओळखीची झाली आहे. लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, दुकानाच्या काउंटरपलीकडून मी ती पाहिली आहे, आणि सगळ्यात जवळून म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या डोळ्यांत. तरी मी सांगत राहिले. ज्या माळाबद्दल मी बोलत होते तो मला माहीत होता. तिथं झाडं लावणं म्हणजे भरल्या घरातली माणसं बाहेर काढून त्या जागी मंगल कार्यालय बांधण्यासारखं होतं.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. मी डोळे तपासते, नवरा फ्रेमा विकतो. जन्म शहरात गेला, माळरान म्हणजे अक्कलकोटला जाताना गाडीच्या काचेतून दिसणारी पिवळी जागा, एवढंच ठाऊक. त्या जागेशी माझी गाठ पडली ती एका स्क्रूमुळे. जनावरांचे एक सरकारी डॉक्टर दुकानात आले. मूळचे अकलूजकडचे, बदली होऊन इकडं आलेले, बोलायला मऊ. त्यांच्या हातात दुर्बीण होती आणि तिचा एक स्क्रू पडला होता.

“दुर्बिणीचं काम आपल्याकडं होत नाही,” नवरा म्हणाला.

मी आतून बाहेर आले आणि हात पुढं केला. चष्म्याच्या काडीला असतो तसाच स्क्रू, जरा जाड. शोधून बसवून दिला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, “मॅडम, एकदा यातून बघायलाही चला की. रविवारी सकाळी आम्ही दोघं जातो.”

दुसरे म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. पुढच्या रविवारी मी माझी गाडी काढली, चौकात त्यांना घेतलं, आणि पुलाच्या चढावर काकांनी मला शांतपणे सांगितलं, “थांबवा. मी घेतो.” त्या दिवसापासून माळावर जाताना माझी गाडी मी कधीच चालवलेली नाही. मी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन रडवते, असं त्यांचं म्हणणं आहे.

शहरापासून तासाभराच्या आत एक गाव आहे. त्याच्या मागं हे गायरान. पहिल्या रविवारी मला तिथं काहीही दिसलं नाही. गुडघ्याएवढं वाळकं गवत, मुरूम, वारा. मी म्हणाले, “डॉक्टर, इथं तर काहीच नाही की.”

“पायाखाली बघून चाला,” ते म्हणाले.

मी पाय उचलला होता, तो तसाच अधांतरी धरला. चपलेपासून वीतभर अंतरावर मुरमाचा एक खडा होता आणि त्या खड्याला डोळा होता. धाविक नावाच्या पक्ष्याचं पिल्लू. जमिनीला चिकटून, मान टाकून पडलेलं. त्याची आई थोड्या अंतरावर भराभर पळत होती, थांबत होती, पुन्हा पळत होती, आम्हाला आपल्या मागं ओढून नेण्यासाठी. मी रोज लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. त्या सकाळी डॉक्टरांनी मला जमीन वाचायला लावली. घरी आले तेव्हा भोवत्या नावाचा शिकारी पक्षी गवताला पोट लावून कसा उडतो, चंडोल गाता गाता किती वर चढतो, हे मी नवऱ्याला जेवण थंड होईपर्यंत सांगत होते.

चार-पाच रविवार नुसतं बघण्यात गेले. मग माझ्या लक्षात आलं की माळाच्या एका अंगानं वेडी बाभूळ आत सरकते आहे. ही बाहेरून आलेली काटेरी बाभूळ. ती जिथं उभी राहते तिथं गवत राहत नाही, आणि गवत गेलं की त्यात घरटं करणारं काहीच राहत नाही. डॉक्टर आणि काका दोघंही माझ्याशी याविषयी फार हळहळून बोलले.

“मग काढत का नाही?” मी विचारलं.

दोघे पुरुष एकमेकांकडं बघू लागले.

“आपण?” काका म्हणाले.

“मग कोण येणार आहे?”

आम्ही सरपंचबाईंकडं गेलो. त्या अंगणात ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “काडा की. कोण नगं म्हणतंय? लाकडं तेवडी बायकांना जळणाला ऱ्हाऊ द्या.” ग्रामपंचायतीचा तसा ठरावही त्यांनी करून घेतला. आमच्या मंडळींना कधी नाव पडलं नाही, पाटी लागली नाही, पण जे काही आहे ते त्या दिवसापासून आहे.

वेडी बाभूळ वरून तोडली तर दुप्पट फुटते. बुंध्याभोवतीची माती काढून खाली जिथून फुटवे येतात तो गड्डाच काढावा लागतो. कुदळ, पहार आणि कमरेचा जीव. पहिल्या दिवशी काटा माझ्या बुटाच्या तळव्यातून आरपार आला. दुसऱ्या दिवशी मला दुकानात उभं राहता येईना. तेव्हा आमच्याकडं एक बाई चष्म्याला आल्या होत्या. विणकरांच्या वस्तीतल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या. त्यांनी माझं लंगडणं बघून चौकशी केली आणि ऐकल्यावर म्हणाल्या, “मला पण न्या मॅडम. आठवडाभर मशीनसमोर बसून पाठ गेली.” पुढच्या रविवारी त्या आल्या त्या जुन्या ताडपत्रीचे गुडघ्यापर्यंतचे पायमोजे शिवून घेऊनच. चौघांचे चार जोड. त्या आमच्या अक्का. हसतात तेव्हा माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं, आणि पक्षी बघायच्या वेळी आम्हाला त्यांना मागं ठेवावं लागतं.

हळूहळू गावातल्या काही बायका आणि दोन-तीन शिक्षकही येऊ लागले. एक अंग मोकळं झालं, त्या जागी पावसाळ्यानंतर मारवेल गवत आलं. आपण घडवलेल्या मातीच्या भांड्याकडं बघावं तसं मी त्या गवताकडं बघत होते. आणि तेव्हाच एक आजी शेळ्यांचा कळप घेऊन समोर उभ्या राहिल्या. कमरेवर हात.

“कुणाला इचारून माळ आडवताय?”

“अडवत नाही आजी. गवताचं बी पडेपर्यंत फक्त हा भाग चारू नका, एवढंच म्हणतोय.”

“आन् माजी शेरडं तंवर काय खातील? तुमचा चष्मा?”

अक्का मोठ्यानं हसल्या आणि आजी आणखी चिडल्या. गावात त्यांच्या तोंडाला सगळे भीत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी तिथंच बांधावर बसले आणि त्यांनाही बसवलं. बोलणं झालं, भांडण झालं, पुन्हा बोलणं झालं. आजींचं म्हणणं अगदी सरळ होतं: लांडगा त्यांची एक शेळी घेऊन गेला होता, आम्ही त्याच लांडग्याची जागा सांभाळत होतो, आणि वर त्यांनाच चारू नका म्हणत होतो. शेळी परत आणून देणं माझ्या हातात नव्हतं, मी तसं सांगितलं. माळाच्या बाबतीत मात्र मार्ग निघाला. माळाचे दोन भाग करायचे. एका वर्षी एक बंद, दुसऱ्या वर्षी दुसरा. बंद भागातलं गवत दिवाळीच्या सुमाराला हातानं कापायचं आणि ज्यांची जनावरं आहेत त्यांनी भारे घरी न्यायचे. सरपंचबाईंनी गावात विचारून त्याला होकार मिळवला.

“बघू,” आजी उठताना म्हणाल्या. “बघू म्हंजे व्हय न्हवं.”

पण दिवाळीत सगळ्यात मोठा भारा त्यांच्याच डोक्यावर होता.

आता थोरल्या दिरांकडं येते. मी त्यांना भावजी म्हणते. मार्केट यार्डात त्यांचा भुसार मालाचा व्यापार आहे, पांढरे कपडे, भस्माची तीन बोटं, आणि कुणाचंही काम अंगावर घेण्याची सवय. आम्ही दुकान टाकलं तेव्हा पहिल्या दिवसापासून पाठीशी उभे राहिलेले भावजीच. आमच्या घरात कानडी आणि मराठी इतकी मिसळलेली आहे की एखादं वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं ते संपेपर्यंत विसरायला होतं. पण भावजी गंभीर झाले की शुद्ध मराठीत येतात. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सगळे त्यांच्याकडं जेवायला जमलो होतो. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. जाऊबाई वाढत होत्या. भावजींनी पाण्याचा घोट घेतला आणि शुद्ध मराठीत म्हणाले, “मी तुझ्यासाठी एक गोष्ट ठरवली आहे.”

मी हात थांबवला.

“आमच्या मंडळाचा अध्यक्ष यंदा मी आहे. पावसाळ्यात वृक्षारोपण करायचं आहे. सगळे म्हणाले, जागा कुठली घ्यायची? मी म्हटलं, आमची धाकटी दर रविवारी ज्या माळावर घाम गाळते, तीच घ्यायची. जेसीबीनं खड्डे मारून देतो. सगळा माळ हिरवा करून टाकू.”

पंगतीत सगळे ‘वा’ म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि लगेच ताटाकडं बघितलं. भावजींचा चेहरा मला अजून आठवतो. बहिणीसाठी साडी आणून ती उघडायची वाट बघणारा भाऊ असतो, तसा.

मी पुढची भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात त्यांच्या गादीवर गेले. समोर बसले आणि सांगितलं, “भावजी, माळावर झाडं नकोत.”

“का? पाणी नाही म्हणून? टँकर लावू.”

“पाण्याचा प्रश्न नाही. तो माळ गवताचा आहे. तिथले पक्षी जमिनीवर अंडी घालतात. गावची जनावरं त्या गवतावर जगतात. खड्डे मारले की मुरूम वर येणार, झाडं वाढली की गवत जाणार.”

“अगं, झाडं वाईट कशी असतील?”

“झाडं वाईट नाहीत. जागा चुकीची आहे.”

ते ज्वारीच्या नमुन्याची वाटी बोटानं फिरवत राहिले. मग म्हणाले, “मी सगळ्यांना सांगून बसलोय. तू घरातली. तूच नको म्हणालीस तर लोक काय म्हणतील?”

“गावाला विचारा. गायरान गावाचं आहे, तुमचं नाही, माझंही नाही. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आहे.”

“ठीक आहे,” ते म्हणाले. “विचारू.” चहा सांगायचा ते विसरले, आणि असं त्यांच्या गादीवर माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. झेंड्याला वंदन झाल्यावर पोरं जिलेबी खाऊन पांगली आणि मोठी माणसं सतरंजीवर बसली. भावजींबरोबर मंडळाचे चार-पाच जण आले होते. त्यांनी चांगलं बोलून दाखवलं. सावली, पाऊस, हवा, पुढची पिढी. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. लोक मान डोलावत होते. मलाही वाटलं, आपण काहीच ऐकलेलं नसतं तर आपणही हात वर केला असता.

मग सरपंचबाई म्हणाल्या, “आता मॅडम बोलतील.”

मी माझ्या आयुष्यात शंभर माणसांसमोर बोललेली नव्हते. पण डोळे तपासताना समोरच्याला कमी दिसतंय हे पटवून द्यायचं असतं तेव्हा ओरडून चालत नाही. दुसरी काच लावून दाखवायची असते. मी सकाळीच काकांना सांगून गाडीच्या टपावरून दोन पेंढ्या आणवल्या होत्या. एक वेड्या बाभळीखाली जे उगवतं त्याची, म्हणजे चार काड्या आणि काटे. दुसरी आम्ही राखलेल्या भागातली, मारवेल आणि पवन्याची. दोन्ही मी सतरंजीवर ठेवल्या.

“ही जमीन रिकामी नाही,” मी म्हणाले. “रिकामी दिसते. पाऊस झाल्यावर ही तुम्हाला काय देते ते तुमच्या गोठ्याला ठाऊक आहे. भावजी झाडं देताहेत, ती घ्या. पण माळावर नको. गावापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला एक सावली नाही, पोरं उन्हात चालत येतात. तिथं लावा. स्मशानात लावा, शाळेभोवती लावा. माळ जसा आहे तसा राहू द्या.”

एक तरुण उठला. “मॅडम, सगळं जग म्हणतंय झाडं लावा, आन् तुमी म्हणताय लावू नका. आमाला बी सुदारायचं हाय की.”

मी उत्तर द्यायच्या आत मागून आवाज आला. शेळ्यावाल्या आजी उभ्या होत्या.

“ए, तुज्या म्हशीला दिवाळीत कुटनं गवत आलं रं? हितनंच न्हेलंस न्हवं? मी बगितलं की, दोन भारे. आन् झाडं लावल्यावर ती राखायला माळाला कुंपान घालतील. मग तुजी म्हस काय कुंपानावरली पाटी चाटंल?”

हशा झाला. तरुणही हसला आणि खाली बसला. आजी बसल्या नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाल्या, “आन् मॅडम, लांडग्याचं माजं अजून मिटलेलं न्हाय. ते येगळं.”

हात वर झाले. गायरान गवताचंच राहील, झाडं रस्त्याकडेला आणि शाळेभोवती लागतील, असं ठरलं. सरपंचबाईंनी भावजींचे आभार मानले. भावजींनी हात जोडले, सगळ्यांशी नीट बोलले, आणि माझ्याशी न बोलता गाडीत बसले.

ते वर्ष घरात अवघड गेलं. भावजी आमच्याकडं येईनासे झाले. आम्ही गेलो की ते हटकून देवळात गेलेले असायचे. नवरा मला एकदाही ‘कशाला बोललीस’ म्हणाला नाही, पण तो भावासाठी झुरतो हे मला दिसत होतं. जाऊबाई मधल्या मध्ये निरोप पोचवायच्या. “साकु आता,” त्या एकदा मला फोनवर म्हणाल्या, “पुरे झालं. तू माफी माग आणि मोकळी हो.”

“माफी कशाची मागू, वहिनी? मी त्यांना वाईट बोलले नाही. जे बोलले ते खरं होतं.”

“ते त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून तर जास्त लागलंय.”

मी माफी मागितली नाही. आज विचाराल तरी मागणार नाही. त्यांच्या वाढदिवसाला मी नेहमीसारखी पुरणपोळी करून पाठवली; डबा धुऊन परत आला.

पावसाळ्यात त्यांनी रस्त्याकडेला झाडं लावली. मला कळवलं नाही. एका रविवारी काकांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, “बघा.” कडुनिंब, करंज, चिंच. प्रत्येकाला काठी, प्रत्येकाभोवती आळं, शेळ्या लागू नयेत म्हणून जाळी. लावून फोटो काढून निघून जाण्यातलं काम नव्हतं. एकही रोप वाकडं नव्हतं. मी उतरून सगळ्या रांगेनं चालत गेले. भावजींचं यार्डातलं गोदामही असंच असतं, पोती एका रेषेत.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही नेहमीप्रमाणे जाळरेषा काढल्या. म्हणजे माळाच्या कडेनं आणि मधूनही गवताचा रुंद पट्टा साफ कापून जमीन उघडी करायची, आग लागलीच तर तिला पुढं खायला काही मिळू नये म्हणून. कंटाळवाणं काम आहे. कोणी त्याचे फोटो काढत नाही. अक्का तर म्हणायच्या, “एवढी मेहनत, आणि आग लागली नाही तर फुकटच की!”

मार्चमध्ये आग लागली.

दुपारची वेळ. माझ्यासमोर एका माणसानं यंत्रावर हनुवटी टेकवली होती आणि फोन वाजला. सरपंचबाईंचा आवाज फाटला होता. “मॅडम, माळ पेटलाय. कुनीतरी बांद जाळला, वारं फिरलं. या.”

मी त्या माणसाला म्हणाले, “हनुवटी काढा, उद्या या,” आणि निघाले. काका चौकात उभेच होते. डॉक्टर त्यांना कळवून पुढं गेले होते. अक्का कारखान्यातून तशाच आल्या, गळ्यात टेप घेऊन. गावाच्या अलीकडंच धूर दिसला, पिवळसर, आडवा, वाऱ्यानं झोपवलेला.

आग मला वाटलं होतं तेवढी उंच नव्हती, कमरेएवढी असेल. पण ती चालत होती. माणूस भरभर चालतो त्या वेगानं. तिचा आवाज मला सगळ्यात वाईट वाटला. कोणीतरी कोरं कापड फाडत सुटलंय असा. गावातली माणसं आधीच पोचली होती. विहिरीवरून ओली पोती येत होती, कडुनिंबाच्या फांद्या तोडल्या जात होत्या. मी एक पोतं घेतलं आणि बायकांच्या रांगेत उभी राहिले. झोडपायचं, मागं सरायचं, पुन्हा झोडपायचं. पापण्या करपल्याचा वास मला माझा मलाच येत होता. शेजारी आजी होत्या. त्यांचा पदर डोक्याला आवळलेला, आणि त्या आगीला ज्या शिव्या देत होत्या त्या मी इथं लिहू शकत नाही.

आग मधल्या जाळरेषेपर्यंत आली आणि अडली. खरंच अडली. उघड्या मुरमाच्या कडेशी आली, इकडं तिकडं चाचपली आणि बसायला लागली. काका ओरडले, “अक्का, बघा तुमची फुकटची मेहनत!” अक्का तिथंच रडायला लागल्या. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, गवताचा पेटता पुंजका रेषेवरून उडाला आणि पलीकडच्या राखलेल्या गवतात पडला. तिथं ठिणगीचा जाळ व्हायला वेळ लागला नाही. आम्ही सगळे दमलेलो, पोती वाळलेली, विहीर लांब.

तेव्हा रस्त्याकडून हॉर्न ऐकू आला. टँकर. बांध ओलांडून, हिसके खात, सरळ माळावर येत होता, आणि त्याच्या पायरीवर उभं राहून, पांढऱ्या शर्टात, एका हातानं दरवाजा धरून भावजी कानडीत ओरडत होते, पाणी सोड म्हणून, “नीर बिडो! नीर!” गाडी थांबायच्या आधीच नळी सुटली. रस्त्यावरच्या रोपांना ते दर आठवड्याला स्वतः उभं राहून पाणी घालून घ्यायचे. त्या दिवशी पाण्याचा दिवस होता, आणि धूर बघून त्यांनी टँकर वळवला होता. मी नळीचं टोक धरलं, त्यांनी माझ्या मागं धरली. चिखल, वाफ, राख. ती जागा विझली.

संध्याकाळच्या आधी सगळं शांत झालं. माळाचा एक कोपरा काळा झाला होता, बाकीचा उभा होता. लोक जिथं होते तिथं बसले. बसायला सावली नव्हती, म्हणून भावजी आणि मी टँकरच्या सावलीत बसलो. भावजींच्या शर्टाचा रंग सांगता येत नव्हता.

“गवताला एवढी माणसं धावली,” ते म्हणाले.

“त्यांचंच आहे.”

ते काळ्या कोपऱ्याकडं बघत होते. “मला अजूनही वाटतं, इथं एखादं तरी झाड असावं. माणसाला टेकायला.”

“नको, भावजी.”

“एकसुद्धा नको?”

“एकसुद्धा नको. रस्त्यावर आहेत की तुमची. तिथं टेकू.”

“ती कमरेएवढी आहेत अजून.”

“मग थांबू.”

त्यांना हसू आलं. वर्षभरानंतरचं हसू, त्यामुळं आधी ते नीट जमलं नाही. मग म्हणाले, “घरी फोन कर, जेवायला येतो म्हणून सांग. आणि तिकडं तोंड धुवायला पाणी असेल तर बघ, टँकर तर आपण संपवला.”

त्या रात्री जेवताना ते नवऱ्याला आगीची गोष्ट अशी सांगत होते की जणू मी तिथं नव्हतेच. नवरा भावाच्या ताटात भाकरी वाढत राहिला.

जळलेल्या कोपऱ्यात त्या पावसाळ्यात सगळ्यात आधी हिरवं आलं. डॉक्टर म्हणाले, कधीमधी लागलेली आग गवत सोसतं, दरवर्षीची नाही. आजींनी त्या कोपऱ्यात शेळ्या घातल्या नाहीत, कोणी न सांगता. दिवाळीत भारे निघाले. लांडग्याची जोडीही एकदा दिसली, पहाटे, उताराला. अक्कांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. लांडग्यांनी आमच्याकडं बघितलं आणि ते आपल्या वाटेनं गेले. हे आजींना सांगायचं की नाही यावर गाडीत मोठी चर्चा झाली. काका म्हणाले, सांगायचं. सांगितलं. आजी म्हणाल्या, “मला ठाव हाय. माजी शेरडं मी आत बांदती आता.”

आता आसपासच्या गावांतून बोलावणं येतं. कुणाला गायरानातली वेडी बाभूळ काढायची असते, कुणाकडं खड्डे मारायला जेसीबी येऊन उभा असतो. आम्ही जातो. कुदळी न्यायच्या, दोन पेंढ्या न्यायच्या, आणि हल्ली भावजींना न्यायचं. ते रस्त्याकडेच्या झाडांबद्दल बोलतात: कुठलं रोप घ्यावं, आळं केवढं करावं, पहिला उन्हाळा कसा काढावा. त्यांना ते फार चांगलं येतं. लोक ऐकतात.

मागच्या महिन्यात उजनीच्या बाजूच्या एका गावात त्यांचं बोलणं संपलं आणि एकानं विचारलं, “सायब, रस्त्याचं कळलं. पन आमच्या मागं एवडा माळ पडलाय. त्येच्यावर काय लावायचं?”

भावजींनी माइक माझ्या हातात दिला. “ते हिला विचारा,” ते म्हणाले. “मी रस्त्याचा माणूस.”

मी उभी राहिले आणि समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर ती ओळखीची नजर यायच्या आतच बोलायला सुरुवात केली.